मेंबरांचं वळण

"उठा, रस्ता येऊन राह्यला!" असं म्हणत आमचे मेंबर पटावरचा चिंचोका दोन बोटांत उचलत आणि तपकिरीच्या रिकाम्या डबीत टाकत. चिंचोका म्हणजे घर. तो डबीत पडला की घर गेलं. मग मेंबर हात झटकून आम्हा खेळणाऱ्यांकडे पाहत. त्यांच्या चेहऱ्यावर नगर उभारल्याचं समाधान असे, आणि नाकाखाली तपकीर.

मेंबर म्हणजे आमच्या कसब्याच्या कमेटीचे मेंबर. निवडून कसे आले ते विचारू नका. त्यांच्याविरुद्ध उभा राहणारा गृहस्थ अर्ज भरायच्या दिवशी कारंज्याला लग्नाच्या पंगतीत बसला होता. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधी मेंबर एकदा नागपूरला गेले आणि तिथं त्यांनी एक सरळ रस्ता पाहिला. माणसं तीर्थाहून गंगाजल आणतात, यांनी तो रस्ता डोक्यात घालून आणला.

"एका टोकाले उभं राहा, शिंपीभाऊ, दुसरं टोक दिसते! आन आपलं गाव पाहा. घरातून निंघालेला माणूस तीन वळणं घेऊन पुन्हा घरीच येते."

आपल्या गावाच्या गल्ल्या बैल चालला तशा पडलेल्या, हे खरं होतं. पण त्यावर मेंबरांनी शोधलेला इलाज ऐका. त्यांनी एक खेळ काढला आणि त्याला 'नगरपट' असं नाव दिलं. गादीच्या जाड कापडावर मी त्यांना काळ्या दोऱ्यानं सगळं गाव शिवून दिलं. घराला चिंचोका, विहिरीला खापरी, रस्त्याला बांबूची काडी. कवड्या टाकायच्या, दान पडेल तशा काड्या मांडायच्या. ज्याचा रस्ता सरळ जाईल तो जिंकला. वाटेत चिंचोका आला तर उचलायचा. नियम मेंबरांचे, कवड्या मेंबरांच्या, ओटाही मेंबरांचा. जिंकत कोण असे ते सांगायला नको.

पट शिवताना कापड एका बाजूला वीतभर कमी पडलं. नेमकं तिथंच, कापसाच्या पेठेच्या वाटेवर, मेंबरांचं घर यायचं होतं. मी म्हटलं, "तुकडा जोडून देतो."

"कायले? माहं घर कुठं हाय ते मले मालूम हाय."

बाजाराच्या तोंडाशी गोदामायची फुटाण्याची भट्टी होती. पुढं भट्टी, मागं खोली. नवरा गेल्यावर तिनं दोन पोरींची लग्नं त्या भट्टीवरच केली. एका संध्याकाळी ती ओट्यावर फुटाणे द्यायला आली, तेव्हा मेंबर तिचाच चिंचोका उचलत होते.

"हे काय हो, मेंबर?"

"खेळ हाय, माय. तुह्या घरातून रस्ता येऊन राह्यला."

"मंग रस्त्याले सांगा ना, जरा बाजूनं जाय म्हणा."

आम्ही हसलो. मेंबर हसले नाहीत. "रस्ता वाकडा त गाव वाकडं," ते म्हणाले. गोदामायनं सरळ डबीत बोटं घातली, आपला चिंचोका काढला आणि पदराच्या गाठीला बांधला. "माहं घर डबीत नाई ऱ्हात," म्हणाली आणि टोपली उचलून गेली.

तुम्हाला वाटेल, खेळ खेळापाशीच राहिला असेल. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण मेंबरांनी तो पट कमेटीच्या बैठकीत टेबलावर पसरला आणि बाजारापासून कापसाच्या पेठेपर्यंत सरळ रस्त्याचा ठराव मांडला. बाकीच्या मेंबरांनी पटावर वाकून आधी आपापलं घर शोधलं. ते काडीखाली नाही असं पाहिलं आणि हात वर केले. लोकशाही आमच्याकडे अशी आली.

भट्टी पाडायच्या दिवशी मेंबर छत्री घेऊन जातीनं हजर. ओट्यावर बोलत त्याच सुरात बोलले, "उठा माय, रस्ता येऊन राह्यला." गोदामायनं पाण्याचा घडा आणला आणि स्वतःच्या हातानं भट्टीवर ओतला. मग टोपलं, चाळणी आणि कढई घेऊन ती समोरच्या लिंबाखाली जाऊन बसली. मला त्या माणसाचा त्या दिवशी जो राग आला, तो पुरता अजून गेलेला नाही.

पुढं अकोल्याहून ओव्हरसियर आला. त्याच्याजवळ मोजणीची साखळी होती आणि लाल झेंड्या होत्या. आम्ही ओट्यावर डाव मांडून बसलो होतो. साखळी बाजाराकडून निघाली, भट्टीच्या ढिगाऱ्यावरून आली, आणि ओव्हरसियरनं एक झेंडी आणून मेंबरांच्या मांडीशेजारी ओट्याच्या फटीत खोवली.

"जरा उठा साहेब. लाईन येते इथून."

"इथून काहून? पट त इथंच खतम होते!"

"पट खतम होतो," तो शांतपणे म्हणाला, "रस्ता नाही."

मेंबरांनी पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग झेंडीकडे. त्यांच्या मुठीतलं दान मुठीतच राहिलं.

पुढच्या बैठकीत मेंबर जे बोलले, ते गावानं वर्षानुवर्षं तोंडपाठ ठेवलं. "नुसता सरळ रस्ता काय कामाचा? ज्या गावाले वळण नाई, ते गाव कशाचं? लेकरू असो की गाव, वळण पाह्यजेच!" पुन्हा हात वर झाले. रस्ता बाजारापासून सरळ आला, गोदामायच्या घरावरून सरळ गेला, आणि मेंबरांच्या ओट्यासमोर आल्यावर त्याला वळण लागलं.

पण त्या वळणाच्या कुशीत, ओट्याच्या बरोबर समोर, जमिनीचा एक तिकोनी तुकडा रिकामा राहिला. त्यावर काय करायचं हे कमेटीला सुचेपर्यंत गोदामायनं तिथं भट्टी घातली. कापसाच्या गाड्या वळणावर हळू होत, गाडीवान उतरून फुटाणे घेत. धूर सगळा मेंबरांच्या घरात. ती रोज सकाळी जाळ घालताना मोठ्यानं म्हणे, "मेंबर, गावाले चांगलं वळण लागलं बरं!"

मेंबरांनी पट गुंडाळला तो पुन्हा उघडला नाही. संध्याकाळी ते रस्ता ओलांडून फुटाणे घेत. वर पाहत नसत. ती टोमणा मारी, आणि मूठभर जास्त घाली. एकदा माझ्या दुकानात येऊन बसले, बराच वेळ शिवणयंत्राचं चाक पाहत राहिले. म्हणाले, "शिंपीभाऊ, तो तुकडा तवाच जोडायले पाह्यजे होता." मला पहिल्यांदाच त्यांची दया आली.

मेंबर गेले तेव्हा त्यांना घेऊन आम्ही घरातून निघालो, आणि समोरच अडलो. वळण इतकं आवळ की तिरडी फिरेना. शेवटी तिथंच, भट्टीपुढं, खाली टेकवावी लागली. गोदामायनं चाळणी बाजूला ठेवली आणि पुढं आली. पदराची गाठ सोडली. चिंचोका काळा गुळगुळीत झाला होता. तो तिनं त्यांच्या उशाशी ठेवला.

"उठा मेंबर," ती हळूच म्हणाली, "रस्ता येऊन राह्यला."

आम्ही खांदा दिला.