आत्या सोफ्यावर बसली तेव्हा

आमच्या शर्टांच्या कारखान्यात चेकिंगच्या टेबलाशी बसायची सोय नाही. बसलं की माणसाचा डोळा लागतो, असं मॅनेजरचं म्हणणं. माझी आत्या दिवसभर उभी राहून कॉलर तपासते, सुटलेले धागे कापते. मी शेजारी बटणं बघते. मला इथे तिनेच चिकटवलं. आत्या कामाला वाघ आणि तोंडाने फटकळ. वाकडी शिलाई आली की, "हा शर्ट आहे की खिडकीचा पडदा?" असं अख्ख्या हॉलला ऐकवते.

गेल्या वर्षी तिच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. डॉक्टर म्हणाले, बसून काम करा, नाहीतर काम सोडा. सोडून खाणार काय? आतोबा केव्हाच गेले, मुलगी अजून शिकतेय. म्हणून आत्या मॅनेजरकडे स्टूल मागत राहिली. सगळ्यालाच "बघू" म्हणतो म्हणून आम्ही त्याला बघूसाहेब म्हणतो. शेवटी एकदा तो म्हणाला, "शनिवारी सगळे कॅन्टीनमध्ये जमा. खूशखबर आहे."

"स्टुलं आली बघ," आत्या म्हणाली. त्या दिवशी ती केस नीट विंचरून, ठेवणीतले कपडे घालून आली.

कॅन्टीनमधली बाकं काढून टाकली होती. समोर स्टेज, त्यावर एकच सोफा. आम्ही उभे. गाणं वाजलं आणि पडद्यामागून कोण यावं? तो नावाजलेला धावपटू! एकच आरडाओरडा झाला. त्याने पदक जिंकलं तेव्हा आत्या टीव्हीसमोर ढसाढसा रडली होती. तिने माझा दंड असा दाबला की वळ उठला. "अगं, तोच! खरंच तोच!" घटकाभर ती पाय विसरली.

तो सोफ्यात रेलला, पायावर पाय टाकला आणि माइक हातात घेऊन म्हणाला, "वेदना पायात नसते, डोक्यात असते. जो बसला, तो संपला!" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. बघूसाहेब अशी मान डोलवत होता, की हे वाक्य कुणी सांगून ठेवलं होतं ते मला कळायचं राहिलं नाही. त्यानेच पुढे होऊन विचारलं, "मग आता कुणाला स्टूल हवंय? हात वर करा!"

सगळे हसले. स्टूल मागून थकलेल्या बायकाही हसल्या. मला शिसारी आली. मी हात वर करणार, तोच आत्याचा गेला.

"या, मावशी, वर या!" धावपटू उठला. "आपण दोघं एका पायावर उभे राहू. बघू या कोण आधी हरतं!"

आत्या स्टेजवर चढली. क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी हरले," आणि सरळ त्याच्या सोफ्यावर बसली. सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली. निळ्याजांभळ्या गाठी मागच्या रांगेपर्यंत दिसल्या.

"साहेब, हे डोक्यात आहे का, तुम्हीच बघा."

धावपटूने बघितलं. मला वाटलं, आता तरी काही बोलेल. तो झटकन सोफ्यामागे गेला, आत्याच्या खांद्यावर हात ठेवून बत्तीस दात दाखवत म्हणाला, "वा! याला म्हणतात जिद्द!" आणि फोटोवाल्याला हळूच म्हणाला, "पाय नको. कमरेच्या वर घे." मी स्टेजला चिकटून उभी होते, या कानांनी ऐकलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टाळ्या मात्र कडाडून पडल्या.

स्टुलं आली नाहीत. आला तो फोटो. चेकिंगच्या टेबलासमोर हा एवढा थोरला करून लावलाय, खाली लिहिलंय, "थांबू नका". आत्या त्याच्यासमोर उभी राहून धागे कापते. मला तिकडे बघवत नाही.

काल एक नवी मुलगी लागली. कपड्याची धूळ नाकात जाऊ नये म्हणून आम्ही सगळ्या तोंडाला फडकं बांधतो, त्यामुळे तिला कुणाचाच चेहरा ठाऊक नाही. तिने आत्यालाच विचारलं, "त्या सोफ्यावर बसलेल्या बाई कोण हो? मालकीणबाई का?"

आत्याने फोटोकडे एकदा बघितलं आणि पुढचा शर्ट ओढला.

"असेल बाई. आपल्यातल्या कुणाला हे बसू देतात होय?"