औषध बंद करू नको

"मॅडम, औषध बंद करू काय? लय उलटीवानी होते."

मेहकरच्या माझ्या दवाखान्यात वर्षाने हे विचारलं, तेव्हा बाहेर पंधरा पेशंट खोळंबले होते. केसपेपरवरून मान वर न करता मी म्हटलं, "अजिबात बंद करायचं नाही. सुरुवातीला होतं तसं."

वर्षा सव्वीस वर्षांची. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही, पाळी तीन-तीन महिने येत नसे. नवऱ्याचे रिपोर्ट नॉर्मल. सोनोग्राफीत हिला पीसीओएस निघालं, म्हणजे स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही. हार्मोन हे शरीरातले निरोपे. त्यांचा घोळ झाला की पाळीचाही होतो. मी गोळ्या दिल्या होत्या आणि त्यांनी मळमळतं, हे मला पाठ होतं. माझी हुशारी तिथंच संपली.

महिन्याने ती सासूबरोबर आली. पाळी नव्हतीच, वर डोकं दुखत होतं. नाडी बघायला हात धरला, तर नखांच्या कडा पिवळ्या.

"हे काय लागलंय?"

"औषध."

"कसलं?"

"कपाशीवरलं. हे फवारतात, मी ड्रमात कालवतो ना."

"हातानं?"

"हाव. काडीनं गुठळ्या राह्यतात."

"अगं, मग मला सांगायचं नाही का?"

"सांगतलं ना! मागच्या खेपेले पुसलं, बंद करू काय म्हणून. तुम्हीच तं नाही म्हणले."

मी तिचा मागचा केसपेपर पुढे ओढला.

"आणि मी दिलेलं औषध?"

"त्या तं गोया. त्या रोज घेतो."

मी पुण्याची. माझ्या लेखी औषध मेडिकलमध्ये मिळतं. इथं दवाखान्यातल्या त्या गोया, आणि औषध म्हणजे फवारणीच्या पंपात जातं ते. तीन वर्षं इथं प्रॅक्टिस करून एवढं कळू नये? स्वतःचाच संताप आला.

त्या फवारणीमुळेच तिची पाळी बिघडली, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण काही कीटकनाशकं हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करू शकतात. आणि मळमळत असताना ते कालवत राहा, असं सांगणारी डॉक्टर मी होते. मी दोघींची माफी मागितली. म्हटलं, "आजपासून वर्षानं त्याला हात लावायचा नाही. पाळीसाठी ते वाईट."

तीन महिन्यांनी दोघी परत आल्या. पाळी दोनदा वेळेवर आली होती. गोळ्यांमुळे की कालवणं सुटल्यामुळे, देव जाणे. वर्षा पहिल्यांदाच हसताना दिसली.

मी सहज विचारलं, "आता कालवतं कोण?"

"मी," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "मले काय होते? माही पाळी तं कवाचीच गेली."

मी त्यांच्या नावाचा नवा केसपेपर काढला. पाळी सोडून बाईच्या शरीरात आणखीही बरंच काही असतं, हे सांगायचं माझ्याकडूनच राहिलं होतं.