गुणाकाराची बेरीज

आमचे लॉगटेबल मास्तर शाळेत कधी आवाज चढवत नसत. चढवायचा तो सगळा घरी खर्च होई. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, लग्नानंतरच्या एका तापात नीट ऐकू येईनासं झालं होतं. मास्तरांनी चहा मागितला की तो पिंपळगाव राजाच्या अर्ध्या पेठेला कळे. "मास्तरचा चाहा झाला, आता मशीन चालू करा लागते," असं म्हणत समोरचा शिंपी कामाला लागे.

मी त्यांच्या ओसरीलगतच्या खोलीत भाड्याने राहत होतो. रोहिणखेडचा, आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. अंगठा उठवणाऱ्या घरातून आलो हे मी तेव्हाही कुणालाही ठणकावून सांगे. शाळेत मी विज्ञान शिकवी, मास्तर गणित. खिशात लॉगटेबलचं पुस्तक कायम, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलेलं. मास्तरांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

"आपला कान गुणाकाराची बेरीज करते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आवाज दहापट झाला, शंभरपट झाला, तरी कान आपला एक पायरी, दोन पायऱ्या असाच मोजतो. म्हणून कुजबुजही कळते आणि ढोलानं डोकंही फुटत नाही. वहिनींच्या कानातल्या पायऱ्याच मोडल्या होत्या. हळू बोललं तर काही कळत नसे, आणि जोरात बोललं की कानावर हात ठेवून म्हणत, "वरडता काऊन? मी काय बहिरी हावो?" मुंबईहून मागवलेलं कानाचं यंत्र सगळंच सरसकट मोठं करी. पातेलं पडलं की वहिनी थरथरत भिंतीला टेकत. शेवटी ते फडताळात जाऊन बसलं.

संध्याकाळी मास्तर फिरायला म्हणून एस.टी.च्या थांब्यावर जात. खामगावची गाडी आली की कंडक्टरला विचारत, "जागा आहे का?" तो म्हणे आहे, आणि मास्तर घराकडे वळत. "मास्तर, रोज इचारता, एक दिवस बसा तरी!" तो टोमणा मारी. "असली म्हणजे झालं," मास्तर म्हणत. यामागची गोष्ट मला हेडमास्तरांकडून कळली. बंगलोरच्या एका प्रयोगशाळेत त्यांच्या प्राध्यापकांनी त्यांना बोलावलं होतं. तारेतून माणसाचं बोलणं स्वच्छ कसं न्यावं, असलं काम. पण त्यांची माय गाव सोडेना, आणि बहिऱ्या सुनेला एकटीला मायच्या हाती ठेववेना. मास्तर राहिले.

प्रयोगशाळा मग त्यांनी ओसरीतच मांडली. साबणाच्या डबीत ट्रान्झिस्टर, सेल, आणि जुन्या रेडिओतला काचेचा दाण्याएवढा डायोड. त्यातून वीज कितीही पट वाढली तरी त्याच्या दोन टोकांमधला दाब पायरीपायरीनंच चढतो. "लॉग काढाले आपण पानं उलटवतो," मास्तर मला म्हणाले, "हा पोट्टा पान न उलटवता सांगते. कानाचं काम याच्याकडून करून घेऊ." पहिल्या खेपेला वहिनी डबीच्या तारेला जोडलेली कानातली गुंडी काढून म्हणाल्या, "तुमी बोलून राह्यले का बकरी?" मास्तर पुन्हा डागणी तापवून तारांना डाग द्यायला बसले. बंगलोर तर गेलंच होतं. हे एक तरी जमावं, एवढंच त्यांनी धरलं होतं.

जमलं त्या दुपारी मी तिथंच होतो. वहिनींच्या मांडीवर डबी, कानात गुंडी. पलीकडे माय सुपात तूर पाखडत होती आणि सवयीनं पुटपुटत होती. सुनेसमोर पुटपुटायला तिला कधी भीती नव्हतीच. "इच्यापायी माहा लेक इथं सडून राह्यला. बंगलोरले सायेब झाला असता."

वहिनींनी मान वळवली. "कोनतं बंगलोर?"

सूप थांबलं. मास्तरांच्या हातातली डागणी तशीच राहिली. यंत्रानं नेमकं तेच केलं होतं ज्यासाठी त्यांनी ते बनवलं होतं. हळू आवाज उचलून मोठ्याच्या शेजारी आणून बसवला होता.

"मले सांगितलं काऊन नाही?" वहिनी म्हणाल्या.

"सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. "हळू सांगितलं होतं."

वहिनींनी कानातली गुंडी नीट दाबून बसवली. मग म्हणाल्या, "आता सांगा. तितक्याच हळू."

मी चपला घालून बाहेर पडलो. शिंप्यानं मशीन थांबवून विचारलं, "काय हो, आज मास्तरचा आवाज नाही? चाहा नाही का?"

बंगलोरची जागा केव्हाच भरली होती. मास्तर कुठंही गेले नाहीत. माय तेवढी पुटपुटायला परसात जाऊ लागली.

पुढे मला अमरावतीच्या कॉलेजात नोकरी लागली. निरोपाला दोघंही थांब्यावर आले, वहिनींच्या गळ्यात कापडी पिशवीत ती डबी. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, जागा आहे. बसता?" मास्तरांनी माझी ट्रंक वर ढकलली. "हा बसते."

मी खिडकीशी बसलो. वहिनी लिंबाखाली पाठमोऱ्या उभ्या होत्या, शेजारणीशी बोलत. मास्तर खिडकीखाली आले आणि माझ्याकडे न बघता, ओठही धड न हलवता म्हणाले, "चला, एक तरी सुटला."

"आयकलं मी," लिंबाखालून, मागं न वळता, वहिनी म्हणाल्या.

मास्तर खिडकीपासून दोन पावलं मागं सरले. गाडी वळेपर्यंत मी बघत होतो. मास्तर हात हलवत होते, पण बोलत काही नव्हते.