शेवटून दुसरी खोली

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी लोकांना पायी फिरवून मुंबई दाखवायला लागले, तेव्हा माझा मुलगा म्हणाला होता की आईला वर्ग मिळेना म्हणून ती आता रस्त्यावर वर्ग भरवणार. खोटं नव्हतं ते. पस्तीस वर्षं समोर कुणीतरी ऐकत बसलेलं असायची सवय, ती काय पेन्शनच्या कागदावर सही करून सुटते? एका वेळी एकच कुटुंब घ्यायचं, सकाळी गिरगावातून निघायचं, वाड्यांमधून हिंडायचं, मग टॅक्सी करून भायखळ्याचा भाजीबाजार आणि शेवटी लालबाग. उन्हं चढायच्या आत माणसं परत हॉटेलात.

माझा एक तोरा होता. दुसरे गाईड लोक भुतांच्या गोष्टी सांगतात, अमक्या गॅलरीत तमका पुढारी उभा राहिला होता असं ठोकून देतात. मी तसलं काही सांगत नसे. एकदा गिरगावात असाच एक पोरगा दहाबारा जणांना एका साध्या विहिरीची भलतीच कथा सांगत होता, तर मी त्याला भर रस्त्यात थांबवून चूक सुधारायला लावली होती. माझं सगळं खरं, असं मी प्रत्येक पाहुण्याला सुरुवातीलाच सांगायची.

लालबागमध्ये शेवटचा थांबा होता आमची चाळ. आमची म्हणजे माझ्या माहेरची. आईवडील गेले, भावाने खोली पागडीवर दिली, आता तिथे आमचं म्हणण्यासारखं काही नाही. पण तिसऱ्या मजल्यावर मावशी आहे. नात्याने कुणी नाही, आमच्या भिंतीपलीकडे राहायची एवढंच. तिने मला अंगाखांद्यावर खेळवलेलं. तिचा नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा बदलापूरला असतो. आता ऐंशीला टेकली, तरी बोलणं अजून सगळं मालवणीच. मी पाहुणे घेऊन वर गेले की ती कोण, कुठले, काही विचारायची नाही. चाळीत आपल्या माणसाबरोबर जो आला तो आपला. ती चहा टाकायची आणि पाहुणे खूश व्हायचे.

मावशीच्या पलीकडे, शेवटून दुसऱ्या खोलीत, एक कुटुंब राहायचं. त्या घरच्या माणसाला सगळे भाऊ म्हणत. शिवडीला गोदामात कामाला होता. बायको आजारी पडली, अंथरुणाला खिळली, तेव्हा तो तिला आणि शाळकरी मुलीला घेऊन गावी गेला. चावी मावशीकडे ठेवली. गणपतीला आणि मे महिन्यात तो येऊन आठ-आठ दिवस राहून जायचा. बाकी वर्षभर रोज तिन्हीसांजेला मावशी कुलूप काढायची, केर काढायची, देवासमोर दिवा लावायची आणि तासभर ट्यूब आणि पंखा चालू ठेवून आपल्या खोलीत यायची. स्वतःची धुतलेली लुगडी भाऊच्या दारापुढच्या दोरीवर वाळत घालायची.

हे का, ते चाळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भाड्याची खोली बरेच दिवस वापरात नसली की मालकाला ती परत मागता येते. त्यात आमची चाळ पाडून टॉवर उभा राहायच्या गोष्टी चाललेल्या. ज्याची खोली त्याला टॉवरमध्ये घर. भाऊजवळ गावी अर्धं मोडकं घर आणि आंब्याची थोडी कलमं सोडली तर दुसरं काही नव्हतं. मुलगी शिकून मुंबईला येईल तेव्हा तिला डोक्यावर छप्पर म्हणजे ही खोली. म्हणून विजेचं बिल यायला हवं, दारात कपडे दिसायला हवेत, दिवा लागायला हवा. असं प्रत्येक मजल्यावर कुणा ना कुणासाठी कुणीतरी करत असतं. त्याबद्दल बोलायचं मात्र नसतं.

मलाही हे ठाऊक होतं. मी त्याच चाळीत वाढले. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर मी स्वतःची समजूत घालायला बघत होते की माझ्या लक्षात आलं नाही.

त्या वेळी आलेलं जोडपं परदेशातलं होतं, पण बाई मराठी. तिचे आजोबा करी रोडला राहायचे, एवढंच तिला माहीत होतं. नवरा गोरा, भला माणूस, सगळीकडे चपला काढून आत जाणारा. ती मात्र सकाळपासून गप्प. वाड्या बघितल्या, बाजार बघितला, मसाल्याच्या गल्लीत मिरच्या कुटणाऱ्या डंकांजवळ उभी राहून खोकली, पण चेहऱ्यावर काही उमटेना. मला हे सहन होत नाही. वर्गात मागच्या बाकावर एखादी मुलगी अशी बसली की मी तास संपेपर्यंत तिलाच शिकवायची.

मावशीकडे चहा पिताना त्या बाईने पलीकडच्या कुलपाकडे बघून विचारलं, इथे कोण राहतं? आणि मी सांगितलं. आजारी बायको सांगितली, गावी गेलेलं कुटुंब सांगितलं, रोज तिन्हीसांजेला शेजारीण दुसऱ्याच्या देवापुढे दिवा लावते ते सांगितलं. सगळं इंग्रजीतून, मावशीला कळू नये म्हणून नव्हे, त्या नवऱ्याला कळावं म्हणून. बिलाचं आणि मालकाचं तेवढं गाळलं. गणपती आणि मे महिनाही गाळला. तेवढं घातलं असतं तर गोष्ट कायद्याची झाली असती, मायेची राहिली नसती. किती वर्षं झाली, तिने विचारलं. झाली होती पाच. मी म्हटलं, आठ.

आठ का म्हटलं? ऐकायला बरं वाटतं म्हणून. दुसरं काही कारण नाही.

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने उठून मावशीच्या पायांवर डोकं ठेवलं. मावशीला काही कळेना, तिने आपला आशीर्वाद दिला आणि आणखी एक खारी बशीत ठेवली. मला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. शेवटी रडवलीच.

महिन्याभराने तिचा अभिप्राय इंटरनेटवर आला. लांबलचक, सुंदर लिहिलेला. आठ वर्षं कुणी राहत नसलेली ती खोली, तो दिवा, आणि ते दाखवणारी मी, जिच्यासारखी गाईड जगात नाही. मी चारचारदा वाचला. मग सरळ उचलून चाळीच्या ग्रुपवर टाकला. माहेरवाशीण म्हणून मला त्या ग्रुपमध्ये घेतलेलं होतं. वर एक ओळ लिहिली, ‘आपल्या चाळीचं नाव सातासमुद्रापार’, आणि पुढे टाळ्या वाजवणारे हात आणि फुलं. खूप जणांनी नमस्काराचे हात पाठवले. इंग्रजी पूर्ण कोण वाचतो? मालकाचं भाडं वसूल करणारा माणूसही त्या ग्रुपमध्ये होता. गणपतीची भक्कम वर्गणी दिली म्हणून आदल्या वर्षी मंडळाच्या पोरांनीच त्याला घेतला होता, आणि मग सगळे विसरून गेले होते.

दोन महिन्यांनी भाऊच्या नावाने वकिलाची नोटीस आली. दारावर चिकटवली होती. खोली आठ वर्षं वापरात नाही, सबब ताबा द्यावा. मागे पुरावा जोडला होता. चाळीच्या सेक्रेटरीने तो कागद मला फोनवर पाठवला, सोबत एक अक्षरही लिहिलं नाही. माझाच संदेश होता. माझं नाव, माझी ओळ, टाळ्या वाजवणारे हात, सगळं काळ्यापांढऱ्या छपाईत, आणि कोपऱ्यात वकिलाचा शिक्का.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या दिवशी मी जेवले नाही. त्या बाईला लिहिलं, तिने तासाभरात अभिप्राय काढून टाकला आणि पुनःपुन्हा माफी मागितली. तिचा काय दोष? आणि छापलेला कागद काही पुसला जात नाही.

मीटिंगला मला बोलावलं. गच्चीवर सतरंज्या टाकल्या होत्या. कुणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर मीही भांडले असते, मला ते जमतं. सेक्रेटरी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, माझ्याच शाळेत शिकलेला. तो एवढंच म्हणाला, “बाई, आम्ही बोलताना चुकलो तर तुम्ही हातावर छडी मारायचात.”

आमच्या बाजूचा वकील परळचा, दुकानावरच्या माळ्यावर ऑफिस. आम्ही तिघं गेलो, सेक्रेटरी, मावशी आणि मी. मावशी जिना चढताना तीनदा थांबली. वकिलाने सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं,

“आठ वर्षं हे खरं आहे?”

“नाही. पाच.”

“म्हणजे तुम्ही खोटं बोललात.”

“वाढवून बोलले.”

“मग झालं तर. एक वाढवलं तसं सगळंच वाढवलं, असं लिहू. टूरवाले गोष्टी रचतात, हे कुणालाही पटेल. भाऊ येऊनजाऊन राहतात, खोलीत त्यांचाच वावर आहे. शेजारणीने उघडायचा आणि दिवा लावायचा प्रश्नच नाही. आजींनी तेवढं सांगायचं आणि तुम्ही तेवढं लिहून द्यायचं.”

मावशीला सेक्रेटरीने समजावून सांगितलं. ती पदराने घाम पुसत होती, ती थांबली.

“देवाकडे लावलेलो दिवो मी लावूक नाय, असा मी सांगूचंय नाय,” ती म्हणाली. “माका कोर्टात नेवा नायतर खंयव नेवा.” मग माझ्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. “गोष्ट तू सांगितलंस गो बाय. आता मोडूची पण तूच.”

तर ती मी मोडली. प्रतिज्ञापत्रात लिहिलं आहे की मी पर्यटकांच्या करमणुकीसाठी काल्पनिक गोष्टी सांगते, सदर खोलीबाबत व दिव्याबाबत मी सांगितलेला मजकूर संपूर्ण रचलेला असून त्यात तथ्य नाही. मी वाचलं, व्याकरणाच्या दोन चुका काढल्या, आणि सही केली. पाच वर्षं एक म्हातारी दुसऱ्याच्या देवाला वात लावत होती, आणि ते घडलंच नाही असं मी शपथेवर लिहून दिलं. मला लाज वाटली. अजून वाटते. आणि सही केली नसती तर याहून जास्त वाटली असती, हेही तितकंच खरं आहे.

वकिलाने बजावलं होतं की खोलीत ताबडतोब घरचं माणूस राहायला हवं. भाऊला बायकोला सोडून येता येईना. म्हणून मुलगी आली. सावंतवाडीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ते अर्धवट टाकून आली आणि आता भायखळ्याला एका दवाखान्यात चिठ्ठ्या फाडायच्या कामाला लागली आहे. वकिलाने आणखी एक बजावलं होतं. उद्या पोरीलाही उभी करून विचारतील, तिच्या कानावर दुसरं काही जाता कामा नये.

मी तिला भेटायला जायचं टाळत होते. लालबागचा थांबा मी फेरीतून काढून टाकला होता, भायखळ्याहूनच लोकांना परत पाठवत होते. शेवटी एका रविवारी डबा घेऊन गेले. मावशी आपल्या उंबऱ्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिने मला बस म्हटलं, चहाचं विचारलं नाही. पलीकडचं दार सताड उघडं होतं. आत एक सडपातळ मुलगी गुडघ्यांवर पुस्तक घेऊन बसलेली. नर्सिंगचंच पुस्तक होतं. मला बघून ती लगबगीने उठली, खुर्ची पुसून दिली. राग तिच्या चेहऱ्यावर कुठे दिसला नाही. तिला कुणी माझं नाव सांगितलंच नव्हतं बहुतेक, किंवा सांगूनही ती अशीच वागत होती.

इकडचंतिकडचं बोलणं झालं. आईची तब्येत, दवाखान्यातली ड्यूटी. मग ती देवाच्या फळीकडे बघत म्हणाली, “बाई, एक विचारू? आम्ही नव्हतो तेव्हा मावशी रोज येऊन इथे दिवा लावायची, असं खाली कुणीतरी म्हणत होतं. बाबा यातलं काही सांगत नाहीत. खरं आहे का ते?”

दोन्ही दारं उघडी होती. मध्ये हातभर गॅलरी. पलीकडे सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

“नाही गं,” मी म्हणाले. “ती मी रचलेली गोष्ट होती.”

ती बरं म्हणाली आणि चहा टाकायला उठली. थोड्या वेळाने सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला.