पायरीच्या पोटातली नदी

थोरली माहेरी आली ती दारातच अडली. बापाने घडवलेली पायरी उखडून अंगणात टाकलेली, आणि तिच्या जागी चकचकीत फरशी बसवायला धाकटा भाऊ बाह्या सरसावून उभा.

"खडीवाल्याचा ट्रक येतोय," तो म्हणाला. "पापुद्रे सुटलेत. कुणाचा पाय मोडायचा."

"बापाच्या पायरीची खडी करतोस?"

"ताई, पायरी सोडून बोलू नकोस."

"पायरी तू सोडलीस! ती बघ, चिखलात पडलीय."

बाप पाथरवट. सुट्टीच्या दुपारी दोघा पोरांना याच पायरीवर बसवायचा. "हात फिरवा. या लाटा नदीने वाळूवर काढल्यात. वर गाळ साचला, दाबला, वाळूचा दगड झाला. आणखी खोल गेला असता तर भाजून कडक झाला असता. पार वितळला असता तर थंड होऊन नव्याने जन्मला असता. उन्हापावसात झिजला की पुन्हा वाळू. दगडाला मरण नाही रे, नुसतं सासर-माहेर." मग डोळा मारायचा, "हिच्या पोटात आणखी एक नदी आहे बरं." पोरं पायरीला कान लावायची. पाणी ऐकू येतं, असं धाकटा शपथेवर सांगायचा.

आज त्याच धाकट्याने हातोडी मारली. बद्द! "ऐकलंस? मेलाय दगड." खणखणतो तो जिवंत, हेही बापानेच शिकवलेलं.

"ओल्या मातीत लोळवायचा आणि वर गाणं म्हणायला सांगायचं? उचल."

दोन्ही टोकांखाली विटा सारल्या. पुन्हा हातोडी. पुन्हा बद्दच. थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. पण माघार घेईल ती थोरली कसली. तिने बापाची छिन्नी काढून आणली आणि सुटलेल्या पापुद्र्याच्या फटीत धरली.

"फुटली तर मीच ट्रकात भरीन."

हलके हलके ठोकत ती कडेकडेने सरकली. भाऊ नको नको म्हणत होता, पण पायरी त्यानेच घट्ट धरली होती. सबंध पापुद्रा वहीच्या पानासारखा सुटला. खाली लाटा! कोवळ्या, कोणाचाही पाय न लागलेल्या, आणि वळण वेगळंच. दुसरी नदी.

भावाने हातोडी टेकवली मात्र. खण्ण!

ट्रक दाराशी येऊन हॉर्न वाजवू लागला. धाकटा गुडघ्यांवर बसून पायरीला कान लावून होता.

"काय रे, येतंय का ऐकू?"

"गप गं. आधी त्या ट्रकवाल्याला जायला सांग. ऐकू देत नाहीये मेला."