पंपाच्या खोलीचं दार

मी अक्षरं मोर्च्यांच्या पत्रकांवर शिकले. वडील ती छापून आणायचे, मी आणि दादा वाटायचो. त्यातली एक मागणी कधीच बदलली नाही: आमच्या मळ्यापासून डांबरी सडकेपर्यंत खडीचा रस्ता द्या. निफाडची काळी माती उन्हाळ्यात दगड असते, पावसात लोणी.

परतीच्या पावसात वहिनीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. अंगावरून रक्त जात होतं. अँब्युलन्स डांबरीवर उभी राहिली, आत येईना. दादानं वहिनीला ट्रॉलीत निजवलं आणि ट्रॅक्टर काढला. द्राक्षबागेच्या कोपऱ्यावर मागचं चाक जागीच फिरायला लागलं.

"वजन टाका रे! चढा मागं!" काका ओरडले.

आमच्याकडे ही सवयच. कोरड्या चढावर चाक घसरलं की चार जण मडगार्डवर चढतात. भार वाढला की चाक जमीन धरतं. पण इथं खाली धरायला जमीनच नव्हती.

"काका, उतरा! जितकं वजन टाकाल तितकं रुतेल!"

"तू पत्रकं लिही गं. ट्रॅक्टर आम्ही चालवतो."

चाक आसापर्यंत गेलं.

मग बाज आणली. चौघांनी खांद्यावर घेतली. माणसं पोटरीपर्यंत रुतायची, पाय उपसताना बाज कलंडायची. दम घ्यायला खाली टेकवली की मनगटाएवढे चार खूर सगळा भार घेऊन सरळ चिखलात घुसायचे आणि चिखल ते सोडायचा नाही. वहिनी ओरडायची थांबली होती. त्या शांततेची मला जास्त भीती वाटली.

मी पंपाच्या खोलीकडे पळाले. पत्र्याचं दार बिजागरीतून उचकटलं आणि ओढत आणलं. "ह्याच्यावर घ्या तिला! उचलू नका, ओढा!"

या वेळी कुणी टोमणा मारला नाही. वहिनी तीच, तिचं वजन तेवढंच, पृथ्वीही तिला तितक्याच जोरानं खाली ओढत होती. पण तो भार आता अख्ख्या दारावर पसरला होता. दार बुडालं नाही. दोर लावला आणि ते चिखलावरून सरकत निघालं. बाजेनं अर्धं वावरही ओलांडलं नव्हतं, तिथून दार बघता बघता डांबरीला लागलं.

वहिनी वाचली. बाळ गेलं.

घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी ती एकदा माझ्याकडून केस विंचरून घेताना म्हणाली, "ताई, दार आधीच का नाय काढलं?"

मी तिच्या केसांतला गुंता सोडवत राहिले. रस्ता असता तर दार लागलंच नसतं, हे तिला सांगून काय मिळणार होतं? ते मी पत्रकात लिहिलं, वडिलांनी छापलं, आम्ही वाटलं. खडी अजून आलेली नाही.

दार आम्ही परत बसवलं नाही. ते दोरासकट भिंतीला टेकवून ठेवलंय. शेजारच्या मळ्यातल्या सुनेला सातवा लागलाय, आणि आज सकाळपासून आभाळ भरून आलंय.