डाळीसाठी बसवलेला फिल्टर

"म्हणजे सून नांदवायची की नाही, ते माझ्या फिल्टरवर?" मी विचारलं. चीफ इंजिनीअर साहेब हसले नाहीत. "सुभेदार माझे जुने स्नेही आहेत. रविवारी जाऊन या," म्हणाले.

आठवड्यातली एकच सुट्टी, तीही गेली. साठ सालानंतरची गोष्ट. फलटणजवळच्या एका साखर कारखान्यात मी बॉयलरचं पाणी बघायचो. तिकडच्या विहिरींना चुना फार. असं जड पाणी बॉयलरला गेलं की नळ्यांत खपली धरते, म्हणून ते आधी सॉफ्टनरमधून काढायचं. सॉफ्टनर म्हणजे झिओलाइट नावाच्या वाळूसारख्या खड्यांची टाकी. खडे पाण्यातला चुना धरून ठेवतात. ते थकले की मिठाचं पाणी सोडायचं, पुन्हा कामाला लागतात. माणसांना ही सोय नाही.

सुभेदार फौजेतून रिटायर झालेले, घरचा ऊस. सून सांगलीची, कृष्णेच्या पाण्यावर वाढलेली. इथं तिची तुरीची डाळ काही केल्या शिजेना. सासूची मात्र शिजायची. नवरा पलटणीत, लांब. पोरीची बाजू घेणार कोण? तिच्या हाताला गुण नाही, पाडव्याला माहेरी गेली की परत आणायची नाही, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं.

मी पाइपाच्या तुकड्यात झिओलाइट भरून, दोन्ही तोंडांना जाळी लावून फिल्टर केला होता. अंगणातल्या टाकीच्या तोटीपासून स्वयंपाकघरापर्यंत रबरी नळी होती. ती मध्ये कापून फिल्टर बसवला. नळी जुनी, दाब आला की निसटायची. क्लिपा आवळून बोटं सोलली. शेवटी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली तेव्हा गळती थांबली. पहिलं पाणी खारट आलं. सासूबाई चाखून थुंकल्या. खडे मिठात धुतलेत, थोडं वाहू द्या, असं मी सांगितलं.

मग दोन चुली पेटवायला लावल्या. एकीवर सून, फिल्टरचं पाणी. दुसरीवर सासूबाई, विहिरीचं. डाळ एकाच डब्यातली.

सासूबाईंचा हात सवयीनं फळीवरच्या डबीकडे गेला. त्यात खायचा सोडा होता. जड पाण्यात चिमूटभर टाकला की डाळ शिजते, हे मला ठाऊक होतं.

"आज तो नको," मी म्हणालो.

सुनेची डाळ शिजून एकजीव झाली. सासूबाईंच्या पातेल्यात दाणे टणकच राहिले. सुभेदार दारातून बघत होते.

"अगं, मग पोरीला सोड्याचं का सांगितलं न्हाईस?"

सासूबाई चुलीकडे बघत राहिल्या. "मला तरी कुनी सांगितलं हुतं? सासूची लय बोलनी खाल्ली मी. शेजारनीला दया आली, तवा कळलं."

सुनेनं सासूच्या चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मला दोघींचंही वाईट वाटलं.

पाडवा होऊन गेल्यावर साहेबांनी पुन्हा पाठवलं, फिल्टर बघायला. मिठाचं पाणी एकदाही कुणी सोडलं नव्हतं. खडे केव्हाच थकले होते. फिल्टर काढून कोपऱ्यात ठेवलेला, नळी म्हशीच्या हौदात. मला जेवायला बसवलं. सुनेनं वरण वाढलं, चांगलं मऊ. विहिरीच्याच पाण्यातलं का, असं मी विचारलं.

"व्हय. आत्याबाईंनी सोडा दावला," ती सासूकडे बघत म्हणाली.

सोमवारी साहेबांना सांगितलं: फिल्टर बंद पडलाय, सून नांदतेय. ते म्हणाले, "झिओलाइट परत आणलंत ना?"

पुढे नोकरीभर कुणाच्या घरी पाण्याचं काम निघालं की मी आधी स्वयंपाकघरात चौकशी करायचो. पाना नंतर काढायचो.